गोधडीला हात लावता येत नाही, मग फोटोखाली लिहायचं तरी काय?

फलटणची_वाकळ

नमस्कार. मी फलटणजवळच्या गावात राहते. सासूबाई, शेजारच्या दोन काकू आणि मी अशा चौघी दुपारच्या वेळात गोधड्या शिवतो. आमच्याकडे वाकळच म्हणतात. गेल्या दिवाळीनंतर त्या ऑनलाइन विकायला ठेवल्या. सात महिन्यांत तीन गेल्या आणि त्यातली एक परत आली.

परत आलेली गोधडी ठाण्याला गेली होती. ताई म्हणाल्या, "पाय बाहेर राहतात." मी 'मोठी साईज' एवढंच लिहिलं होतं. जाण्यायेण्याचे ३४० रुपये माझ्याच अंगावर पडले. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या गोधडीला सासूबाईंनी सतरा दुपारी दिल्या होत्या.

माझं लिखाण सगळ्या गोधड्यांना एकच आहे: "हाताने शिवलेली सुंदर, मऊ, उबदार गोधडी. १००% कॉटन. आजीच्या मायेची ऊब." किंमत १८०० रुपये. फोटो दोन. खाली लोक विचारतात साईज काय, जुन्या साड्यांची आहे का, मशीनला चालते का. मी उत्तर देते आणि पुढे काहीच होत नाही. शहरातल्या दुकानात लोक गोधडी हातात घेतात आणि ठेवतच नाहीत, हे मी प्रदर्शनात डोळ्यांनी पाहिलंय. मग इथे कुठे अडतंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

धावदोरा_नाशिक

ताई, मी आठ वर्षं हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक करा. आजवर गिऱ्हाइकांनी विचारलेले सगळे प्रश्न फोनमधून वहीत उतरवून घ्या, त्यांनी विचारले त्याच शब्दांत. माझ्या वहीत पहिल्या वर्षी साठेक प्रश्न जमले आणि त्यातले निम्मे मापाचे होते. ज्याने विचारलं त्याला तुम्ही उत्तर दिलंत. पण न विचारता पुढे निघून गेलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि त्यांचे प्रश्नही तेच असतात. 'सुंदर, मऊ, उबदार' यातून त्यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

माप फुटात लिहा आणि लगेच पलंगाशी जोडा. नुसतं 'साडेसात बाय सहा' वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. "सव्वासहा बाय पाच फुटी डबलबेडवर पसरली तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट खाली उतरते" असं लिहिलं की घरातल्या घरात समजतं. वजनही लिहा. किराणाच्या काट्यावर तोलून आणा, अंदाजाने नको. पंखा लावून पांघरायची की थंडीत, हे लोक वजनावरून ठरवतात. थर किती तेही सांगा.

आता जुन्या साड्यांचं. याबद्दल माझ्या हातून चूक झालेली आहे. तिसऱ्या वर्षी मीही '१००% कॉटन' लिहायचे. एक गोधडी पुण्याला गेली. दोन महिन्यांनी त्या बाईंचा फोटो आला. कडेचा टाका सुटला होता आणि आतून दोन बोटं चकचकीत पॉलिस्टर दिसत होतं. त्याच्या शेजारच्या सुती थरावर, कोपऱ्यात, काळ्या शाईने धोब्याची खूण होती. तीन ठिपके आणि एक आडवी रेघ. बाई भांडल्या नाहीत. एवढंच लिहिलं, "जुनी आहे हे सांगितलं असतं तरी मी घेतली असती." त्या वाक्यानंतर मला दोन दिवस सुई हातात धरवली नाही. पैसे परत केले, गोधडी त्यांच्याकडेच राहू दिली.

तेव्हापासून मी प्रत्येक थर लिहिते. वरचा कापड नवा की वापरलेला, खालचा कोणता, आत काय. "आतले चार थर वापरलेल्या सुती साड्यांचे, सोड्यात उकळून, कडक उन्हात वाळवून घेतलेले." हे वाचून काही जण घेत नाहीत, आणि ते ठीकच आहे, कारण ती गोधडी त्यांची नव्हतीच. जे घेतात त्यांच्याकडून परत येत नाही. नवी सुती साडी आणि दहा वर्षं धुतलेली सुती साडी यांच्या मऊपणात केवढा फरक असतो हे तुम्हाला मी काय सांगू. तो जुनेपणामुळे आलाय हे अभिमानाने लिहा, लपवू नका.

तुमचा 'आजीच्या मायेची ऊब' मात्र काढा. वाक्य वाईट नाही, पण ते सगळ्यांच्या पानावर आहे. त्याच्या जागी सासूबाईंचा हात दाखवा. टाक्यांच्या दोन ओळींत किती अंतर ठेवतात? एक बोट? करंगळी? कडेकडून आत शिवत येतात का? किती दुपारी लागल्या? 'सतरा दुपारी' हे तुम्ही इथे आम्हाला सांगितलंत आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाहीत. १८०० रुपये महाग वाटतात ते त्यामुळे. खरं तर मला ते कमीच वाटतात. चौघींचे तास मांडून बघा एकदा.

शीर्षकाचंही सांगते. शोधणारा माणूस 'सुंदर' असं शोधत नाही. 'सुती गोधडी डबलबेड' असं शोधतो. रोमन लिपीत कुणी गोधडी लिहिताना एच घालतं, कुणी गाळतं, तेव्हा दोन्ही रूपं शोधशब्दांत टाका. हिंदी गिऱ्हाइकासाठी 'गुदडी' लिहू नका, तिकडे त्या शब्दाला चिंध्यांचा वास आहे. त्यापेक्षा 'सुती क्विल्ट', 'हाथ से सिली'. आणि कुणी सांगेल की 'कांथा' लिहा, तो शब्द परदेशात जास्त चालतो. कृपा करून लिहू नका. कांथा बंगालची, तिचा टाका वेगळा, नक्षी कांथ्याला तर भौगोलिक मानांकन आहे. आपल्या वाकळीला दुसऱ्याच्या नावाने विकायची काय गरज आहे?

अजून एक. ज्या घरात आई किंवा आजी गेलेली असते तिथे साड्यांचं कपाट तसंच बंद असतं. "तुमच्या घरच्या साड्यांची गोधडी शिवून देतो" याचं वेगळं पान करा. माझं आज निम्म्याहून जास्त काम तेच आहे. त्या पानावर हिशेब स्वच्छ लिहावा लागतो. सहावारी म्हणजे अठरा फूट, पन्हा (रुंदी) पावणेचार. साडेसात बाय सहाच्या डबल गोधडीला एका साडीचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात, दोन जोडले की एक थर. म्हणजे सहा थरांना चार साड्या. सिंगल साडेसात बाय साडेचार, तिथे एका साडीचे चार तुकडे, म्हणून सहा थरांना तीन साड्या. शिवणीत इंचभर जातं तेही लिहा. जरीचा काठ सुईला अडतो, म्हणून तो उसवून गोधडीबरोबर परत पाठवतो, असं आधीच सांगा. आणि विचारा: "कोणती साडी वर दिसायला हवी?" एका मुलीने मला लिहिलं होतं, आईच्या पदराला हळदीचा डाग आहे, तो कापू नका, वरच ठेवा.

सावंतवाडी_खेळणी

मी लाकडी खेळणी बनवतो, पण फोटोचं दुखणं सारखंच. तुमच्या पानावर गोधडी फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेली दिसतेय, त्यात वाकळ कुठली आणि चादर कुठली तेच कळत नाही. पांढरं धोतर किंवा साधी बाज घ्या. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत, ऊन अंगावर न घेता. फोनमधला रंग भडक करणारा पर्याय बंद ठेवा.

फोटो किमान सहा काढा ताई. पूर्ण पसरलेली, पलंगावर, उलटी बाजू, कोपरा, टाके अगदी जवळून, आणि घडी घालून शेजारी स्टीलचा तांब्या. तांब्या सगळ्यांच्या ओळखीचा, त्यावरून जाडी लगेच समजते. डाळिंबी रंग फोनमध्ये बऱ्याचदा नारिंगीकडे झुकतो, तेव्हा तो शब्दांतही लिहा. आणि जी गोधडी पाठवणार तिचाच फोटो, 'अशीच दुसरी' नको.

पार्सल_आणि_पावती

थोडक्यात दोन गोष्टी. बहुतेक कुरियर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. दोन किलोची गोधडी ४५ × ३५ × १५ च्या खोक्यात गेली की पावणेपाच किलो धरली जाते. दाबून, बांधून ४० × ३० × १० मध्ये बसवली तर २.४. किंमत ठरवण्याआधी हे मोजा.

दुसरं, १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकता येतो, पण आपल्या राज्यातच, आणि जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी करावी लागते. 'भारतभर पाठवतो' असं पानावर लिहिण्याआधी सीएला विचारून घ्या.

एडिसनची_माहेरवाशीण

मी विकत घेणारी, न्यू जर्सीतून. इथे फुटात कुणी बघत नाही, इंच लिहा. आपल्या सिंगलला इथे ट्विन म्हणतात, गादी ३८ बाय ७५ इंच. क्वीन ६० बाय ८०. धुण्याचं आवर्जून लिहा, कारण इथे सगळे कपडे ड्रायरमध्ये जातात. माझी पहिली गोधडी मी तशीच टाकली आणि ती आखडून वेडीवाकडी झाली. "गार पाणी, हलकं धुणं, ड्रायर नको" या एका ओळीने ती वाचली असती. एट्सीवर (हस्तकलेच्या वस्तूंची परदेशी ऑनलाइन बाजारपेठ) ठेवणार असाल तर शीर्षकाला १४० अक्षरं आणि शोधशब्द १३, प्रत्येकी २० अक्षरांपर्यंत. तेरा म्हणजे तेरा भरा.

फलटणची_वाकळ

सगळ्यांचे मनापासून आभार. धावदोरा काकू, तुमचं वाचून सासूबाईंना दाखवलं. त्या लगेच बोट घेऊन बसल्या. ओळींतलं अंतर करंगळीएवढं भरलं. रात्री बसून परत आलेल्या गोधडीचंच पान नव्याने लिहिलं. चुकलं असेल तर सांगा:

"सुती गोधडी, सिंगल, हाताने शिवलेली, साडेसहा बाय साडेचार फूट (७८ बाय ५४ इंच), हिरवी-डाळिंबी.

साडेपाच फुटांपर्यंतच्या उंचीच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुरते. त्याहून उंच असाल तर साडेसात फुटी बघा. वजन १ किलो ३०० ग्रॅम, सहा थर. वरचा आणि खालचा कापड नवा सुती. आतले चार थर आमच्या घरच्या वापरलेल्या सुती साड्यांचे, उकळून उन्हात वाळवलेले. टाक्यांच्या ओळींत करंगळीएवढं अंतर, शिवायला सतरा दुपारी लागल्या. डाळिंबी कापड पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग सोडेल, वेगळी धुवा. गार पाणी, ड्रायर नको. फोटोतली गोधडीच मिळेल, अशी एकच आहे."

किंमत २६०० लिहिलीय. लिहिताना हात थरथरला, पण तास मांडले तर त्याहून खाली उतरता येईना. तांब्याचा फोटो उद्या सकाळी.

एक विचारायचं राहिलं. एका कोपऱ्यात टाका जरा तिरका गेलाय. सासूबाईंची नजर आता संध्याकाळी कमी पडते. तो फोटोत दाखवू का?

धावदोरा_नाशिक

दाखवा. जवळून काढा आणि खाली लिहा की हा कोपरा दिवेलागणीला शिवला. आणि 'साडेपाच फुटांपर्यंत' ही ओळ शीर्षकाच्या लगेच खाली घ्या, ठाण्याच्या ताईंना तीच हवी होती.