व्हीलचेअर आहे, पण मापाची नाही: आधी कोणाकडे जावे?

अंगणवेल:
नमस्कार. माझा २९ वर्षांचा धाकटा भाऊ दीड वर्षापूर्वी माडावरून पडला आणि मणक्याच्या दुखापतीमुळे त्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. रुग्णालयातून घरी आणताना घाईघाईने दुकानातून घेतलेल्या व्हीलचेअरची बैठक १८ इंच रुंद आहे. भाऊ अंगाने किरकोळ असल्यामुळे तो सतत उजवीकडे कलतो आणि गेल्या आठवड्यात बसण्याच्या हाडावर लालसर डागही दिसला. आता तालुक्याला साधनवाटपाचे शिबिर भरणार आहे. तेथे नाव नोंदवावे की आधी रुग्णालयात जावे? डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवा अधीक्षक निरनिराळ्या दिवशी भेटतात, तेव्हा कोणाशी काय बोलावे, हेही कृपया सांगावे.

व्यवसायोपचार_पुणे:
शिबिर नंतर, आधी तो डाग. भावाला कुशीवर झोपवून अर्ध्या तासाने पाहा. लाली तशीच असेल तर ती दाबजखमेची सुरुवात समजून त्या भागावर त्याला बसवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेथे संवेदना नसल्यामुळे तो स्वतः तक्रार करणार नाही, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ त्वचा पाहावीच लागते.

मापे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) घ्यावीत. बैठकीची रुंदी नितंबांच्या रुंदीइतकी असावी, आणि गुडघ्याची मागची बाजू व बैठकीची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे, नाहीतर माणूस पुढे घसरत जातो. पायट्यांची (पाय टेकवायच्या पट्ट्यांची) उंची मात्र गादी घातल्यावरच मोजावी, कारण गादीमुळे माणूस उंच बसतो आणि आधीचे माप निरुपयोगी ठरते. ही मापे, गादीचा प्रकार आणि तशी गादी का हवी याचे कारण डॉक्टरांच्या सहीने एका कागदावर घ्या; समाजसेवा अधीक्षकांना अर्ज पुढे पाठवण्यासाठी तोच कागद लागतो.

दोनचाकी_कराड:
ताई, मी ११ वर्षे व्हीलचेअरवर आहे. शिबिरात फोटो निघतो, माप निघेलच असे नाही. केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधने देणारी योजना) साधन घेतल्यावर त्याच कारणासाठी तीन वर्षे पुन्हा मदत मिळत नाही. म्हणजे चुकीच्या मापाची खुर्ची फुकट मिळाली तरी ती तीन वर्षांना महाग पडते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) नसेल तर आजच अर्ज करा. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, तेव्हा गादीसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी मागणी करून पोच घ्या.

देखभालीचे म्हणाल तर चाकातली हवा दर आठवड्याला पाहा, कारण हवा उतरली की ब्रेक टायरला नीट टेकत नाही आणि पलंगावर सरकताना खुर्ची पाठीमागे निसटते. (माझे मनगट असेच मोडले होते.) पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळतात, ते काढत जा. पंक्चर, आरे आणि मागच्या चाकाचे बेअरिंग आमच्या गावचा सायकलवालाच पाहतो. खुर्चीच्या चौकटीला चीर गेली, तर मात्र गावातल्या वेल्डिंगवाल्यावर विसंबू नका, पुरवठादाराकडेच पाठवा. खुर्ची घेतानाच सुटे भाग कोठे मिळतील, हे पावतीमागे लिहून घेतलेले बरे.

अंगणवेल:
दोघांचेही आभार. डाग रात्रीत गेला, तरी उद्या डॉक्टरांना दाखवणार आहोत. मापे मी घरीही घेऊन पाहिली: नितंबांची रुंदी साडेचौदा इंच, खुर्चीची बाहेरची रुंदी २६ आणि न्हाणीघराचे दार २४. टेप हातात असतानाच भाऊ म्हणाला की, वर्षभर रोज त्याला उचलून आंघोळीला नेतात ते याच दोन इंचांपायी, पण कोणत्याही भेटीत त्याला हे कोणी विचारले नाही. खुर्ची अरुंद केली तर ती दारातून जाईल का?

व्यवसायोपचार_पुणे:
अशा घडीच्या खुर्चीत बैठक १५ इंची घेतली, तर बाहेरची रुंदी साधारण २३ इंच भरते. खुर्ची जाईल, पण स्वतः चाक फिरवताना त्याची बोटे दाराच्या चौकटीला घासतील. दाराचे माप आणि आंघोळीची ही अडचण त्या कागदावर लिहा, आणि भेटीत ती भावालाच सांगू द्या.