ताठरता येते ती स्नायू सैल पडल्यावर

देवगडच्या एका काकांनी विचारलंय, की लिंगात ताठरतेसाठी टोचायच्या 'ताकदीच्या' इंजेक्शनातलं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) स्नायू घट्ट करतं का. उलट आहे, काका. लिंगातला अनैच्छिक स्नायू एरवी आवळलेलाच असतो. तो सैलावला की रक्त आत शिरतं, बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता येते. आवळून धरणाऱ्या शरीरातल्या रसायनांत नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या जोडीला एंडोथेलिन-१ असतं, २१ अमिनो आम्लांचं, १९८८ साली जपानी संशोधकांना सापडलेलं. सैल करणाऱ्यांत २८ अमिनो आम्लांचं व्हीआयपी (व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड), काका म्हणतात ते पेप्टाइड हेच. हे मुळात डुकराच्या आतड्यातून वेगळं काढलेलं. ते पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढवतं, कॅल्शियम उतरतं, स्नायू ढिला पडतो. पण नुसतं व्हीआयपी टोचून फारसं भागत नाही, फेन्टोलामिन या नॉरअ‍ॅड्रेनलिनला अडवणाऱ्या औषधाची जोड द्यावी लागते. स्नायू सैल करणारा मुख्य कारभारी नायट्रिक ऑक्साइड हा वायूच, आणि सिल्डेनाफिलची (व्हायाग्राची) गोळी त्याचाच परिणाम टिकवते.

आमच्या मालवणात औषधाच्या दुकानात बाकीची गिऱ्हाइकं हटेपर्यंत थांबून ही गोळी दबक्या आवाजात मागतात. मागणाऱ्याच्याच खिशात कधी छातीदुखीची, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी असते! दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब धाडकन कोसळतो, जिवावरही बेततं. लाजायचं तर लाजा, पण हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.