गोड्या पाण्याची टाकी खारी करायची आहे: जुन्यातलं काय चालेल?

नवखारा

९०×४५×४५ सेंमीची काचेची टाकी सध्या गोड्या पाण्याची आहे. ती रिकामी करून समुद्री करायचा विचार आहे. क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी आणि पुढेमागे मऊ प्रवाळ, एवढंच हवं आहे. हाताशी कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा), २०० वॉटचा हीटर, झाडांसाठीचा एलईडी आणि खाली नदीतले गोटे आहेत. यातलं काय ठेवू, काय काढू? नळाचं पाणी क्लोरीन मारून चालेल, की थेट समुद्राचं आणावं? मीठ किती लागेल? मासे किती दिवसांनी सोडायचे? आणखी एक, या टाकीत पूर्वी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलेलं आहे.

खडकवाळू

तांब्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच घोळ होतो. मासे तांबं सोसतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ अगदी थोड्या तांब्यानेही मरतात. काच धुऊन निघते. गोटे, स्पंज आणि सिरॅमिक नळ्या तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे ते सगळं बाहेर काढा. टाकी भरल्यावर तांब्याची चाचणी करा. आकडा शून्य आल्याशिवाय बिनकण्याचा कोणताही जीव आत सोडू नका.

गोटे तसेही काढायचेच होते. त्यांच्या फटींत घाण साचते. त्याजागी अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटच्या) वाळूचा ३ सेंमी थर द्या, या टाकीला साधारण १८ किलो लागेल. ही वाळू पीएच सांभाळते असं सर्रास सांगितलं जातं, पण टाकीच्या नेहमीच्या पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही. पीएच सांभाळते ती अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. ती ८ ते ९ डीकेएच (तिचं मोजमाप) च्या आसपास ठेवा, वाळूच्या भरवशावर राहू नका.

पाणी आरओ-डीआयचंच (पडदा आणि रेझिनमधून शुद्ध केलेलं) घ्या, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. क्लोरीन मारणारं औषध क्लोरीनच मारतं. नळाच्या पाण्यातलं फॉस्फेट, सिलिकेट, नायट्रेट आणि पाइपातलं तांबं तसंच राहतं. शिवाय बाष्पीभवनाची भर घालताना तेच पाणी पुन्हा पुन्हा जातं, म्हणजे हे सगळं साठत जातं. किनाऱ्याजवळचं समुद्राचं पाणी नको. पावसानंतर त्याचा खारेपणा बदलतो आणि सांडपाणी कुठे मिसळतं ते दिसत नाही.

मीठ म्हणजे मत्स्यालयासाठीचं समुद्री मिश्रण. स्वयंपाकाचं किंवा साधं जाडं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट योग्य प्रमाणात नसतात. लिटरला ३६ ते ३९ ग्रॅम लागतं, नेमका आकडा डब्यावर बघा. तुमच्या टाकीत काच, खडक आणि वाळू वजा जाता १४० लिटरच्या आसपास पाणी राहील, म्हणजे सव्वापाच किलो मीठ. नेहमी पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका. उलटं केलं की तळाशी द्रावण एकदम घट्ट होतं, कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो. तो गाळ मग विरघळत नाही. बादलीत पंप सोडून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा, मग २५ अंशाला मोजा. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६ हवं. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावलेला मीटर वरच्या टोकाला दोनतीन पीपीटीने चुकू शकतो.

भरतीओहोटी

वरच्या प्रतिसादाला +१, पण कॅनिस्टर राहिला. तो बाद करायची गरज नाही. फक्त त्याचं काम बदला. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंचं घर आता खडक होणार आहे, १४० लिटरला १४-१५ किलो सच्छिद्र खडक पुरतो. कॅनिस्टरमध्ये नुसता कापूस आणि कार्बन ठेवा, आणि कापूस आठवड्याला धुवा. तीन-तीन महिने झाकण न उघडण्याची गोड्या पाण्यातली सवय इथे नडते. आत कुजलेली घाण नायट्रेट होऊन टाकीत परत येते.

जमत असेल तर कॅनिस्टर विकून खाली सम्प करा, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली दुसरी टाकी. हीटर, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), उडालेल्या पाण्याची भर घालणारा सेन्सर सगळं तिथे लपतं आणि पृष्ठभागावरची तेलकट साय सतत खाली ओढली जाते. ही साय हवेतला प्राणवायू आत जाऊ देत नाही. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. सुरुवातीलाच तुम्ही पाचव्या हिश्श्याने मागे आहात. म्हणून पृष्ठभाग कायम ढवळता राहिला पाहिजे. तासाला २००० ते ३००० लिटरचे दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप) समोरासमोर न लावता थोडे तिरके लावा. वाळू उडून एका कोपऱ्यात ढीग होत असेल तर ते वर उचला.

२०० वॉटचा हीटर पुरेसा आहे. पण त्याऐवजी १०० वॉटचे दोन बरे. एक चालू अवस्थेत अडकला तरी टाकी उकळत नाही, एक बंद पडला तरी लगेच गारठत नाही. २५-२६ अंश ठेवा. एलईडी क्लाउनफिशला चालेल, प्रवाळाला निळा भाग जास्त असलेला दिवा लागेल. तो नंतर घेतला तरी चालतं.

नवखारा

धन्यवाद. सायकलबद्दल, म्हणजे मासे सोडण्याआधी टाकीत ते जीवाणू वसवण्याबद्दल, कुणी सांगाल का? गोड्या पाण्यात जुन्या फिल्टरचा कापूस नव्या टाकीत टाकला की काम होत असे. इथे एक मेलेली कोळंबी टाकून ठेवायला सांगतात.

नायट्रोमीटर

जुना कापूस इथे कामाचा नाही. गोड्या पाण्यात वाढलेले जीवाणू एकदम ३५ पीपीटीत गेले की बहुतेक मरतात, आणि तुमचा कापूस तांब्याच्या टाकीतला आहे हेही विसरू नका.

कोळंबीने काम होतं, पण किती अमोनिया सुटेल ते तुमच्या हातात राहत नाही, वर फॉस्फेटही वाढतं. त्यापेक्षा शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरा. १४० लिटरला ०.९ ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (दशलक्षात २ भाग) आसपास येतो. सोबत खाऱ्या पाण्यासाठीचे बाटलीतले जीवाणू घाला. दिवे बंद ठेवा, प्रवाह आणि हीटर चालू. एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा. अमोनिया संपला की पुन्हा तेवढाच डोस. घाई म्हणून ५ पीपीएमच्या वर जाऊ नका, नायट्राइट खाणारे जीवाणू जास्त अमोनियात दबतात आणि गाडी तिथेच अडकते.

२ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य झाला की टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. नायट्राइटला मात्र गोड्या पाण्याइतकं घाबरू नका. समुद्राच्या पाण्यातलं भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. उलट अमोनियाला जास्त घाबरा, कारण ८.२ पीएचला त्याचा विषारी भाग ७ पीएचपेक्षा कितीतरी मोठा असतो. नायट्राइट चढलेला असताना नायट्रेटची चाचणी करू नका, ती खोटा मोठा आकडा दाखवते. शेवटी नायट्रेट फार वाढलं असेल तर निम्मं पाणी बदलून मगच मासा सोडा.

नंतर खडकावर तपकिरी साय येईल. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, आपोआप ओसरतात. घाबरून फॉस्फेट काढणारी माध्यमं ओतली आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेली, तर डायनोफ्लॅजलेट नावाचे सूक्ष्मजीव बसतात. बुडबुडे धरलेला चिकट तपकिरी शेंबूड दिसला की समजा. तो घालवणं फार त्रासाचं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

कल्लेदार

माशांबद्दल. पांढऱ्या ठिपक्यांचा अनुभव इथे उपयोगी नाही, उलट घात करतो. समुद्री ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या वेगळ्या परजीवीचे. तापमान ३० अंशांवर नेऊन ते जात नाहीत, आणि तांबं प्रवाळाच्या टाकीत घालता येत नाही. हा परजीवी खडकावर कोश करून बसतो. एकदा शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक मासा आधी ४० लिटरच्या वेगळ्या, रिकाम्या तळाच्या विलगीकरण टाकीत महिनाभर ठेवा. तिथे वाळू-खडक नको, लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे पुरतात. मुख्य टाकीची सायकल चालू असतानाच हे करून घेता येतं, त्या टाकीसाठी एक स्पंज आधीपासून मुरवून ठेवा.

लांबून आलेल्या पिशवीतल्या माशाला तासभर थेंबथेंब पाणी देत बसू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. पिशवी १५ मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, विलगीकरण टाकीचा खारेपणा आधीच पिशवीएवढा ठेवा आणि मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

पाळीत जन्मलेली क्लाउनची लहान जोडी घ्या, त्यांना अ‍ॅनिमोन लागत नाही. गोबी उड्या मारतो, वर जाळी हवीच. डॅमसेल कुणी ‘कणखर मासा’ म्हणून दिला तरी नाही म्हणा, तो नंतर येणाऱ्या प्रत्येकाला छळतो.

नवखारा

सम्प करायचं ठरवतोय. रोज भर घालायची ती खाऱ्या पाण्याची की गोड्या?

भरतीओहोटी

गोड्या, आरओ-डीआयच्या. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज दोन लिटर उडालं आणि पाच दिवस भर घातली नाही, तर १४० लिटरला ३५ पीपीटीचे जवळजवळ ३७.७ होतात. खारं पाणी फक्त आठवड्याला १० टक्के बदलताना.

सम्प असला की उडालेलं पाणी मुख्य टाकीत दिसत नाही, फक्त पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरते. तिथे खूण करा. आणि मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर एक चाचणी घ्या: सगळं चालू असताना पंपाचं बटण बंद करा. तुमच्या टाकीतली पातळी २ सेंमी उतरली तरी साडेसात लिटर खाली येतं, शिवाय पाइपातलं वेगळं. सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी हवी. सम्पमधून टाकीत पाणी आणणाऱ्या परतीच्या पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ५ मिमीचं छिद्र पाडा, म्हणजे सायफन तुटतो. ते छिद्र शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा काडी घाला.