शब्दचर्चा: काटकोन की लंबकोन? आणि कोनमापकाला तुमच्याकडं काय म्हणतात

येळ्ळूरकर:
काल पोरीचा होमवर्क घेत बसलो होतो. सहावीला हाय, कन्नड मीडियम. कंपासपेटीतला कोनमापक काढ म्हटलं तर पटकन काढली, कन्नडातबी कोनमापकच की. पण काटकोन काढ म्हटलं आणि गाडी अडली, तिच्या पुस्तकात तो लंबकोन. आई आतनं ओरडली, काटकोनच बरोबर, ते लंबकोन कानडी झालं. तुमचं काय मत?

निपाणीवाला:
कोनमापक फक्त पुस्तकात हो. वर्गात आम्ही सगळे 'डी'च म्हणायचो, आकारच तसला. हिंदीवाले चांदा म्हणतात.
लंबकोन कानडी कसा झाला पण? 'रेषेवर लंब टाका' हे आपल्याच भूमितीत शिकलोय की. तत्सम शब्द हाय, दोघांचाबी.

सुताराचा पोरगा, खानापूर:
आमच्या बाबांच्या तोंडात काटकोनबी नाही आणि लंबकोनबी नाही. चौकट ठोकताना एकच, "गुण्यात हाय काय बघ". गुण्या म्हणजे काटकोन तपासायची एल आकाराची पट्टी, ती लावायची, फट दिसली की परत सोडायचं. घराचा पाया आखताना गुण्या पुरत नाही, तिथं गवंडी दोरीनं एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करतोय, तिरकं ५ भरलं की कोपरा गुण्यात.

शिक्षिका, शहापूर:
नावावरनं भांडू नका, नावं कामाला लावा. पोरं दोन चुका हमखास करतात. एक म्हणजे प्लॅस्टिकची खालची कडच रेषेवर ठेवतात, खरं तर शून्याची रेघ कडेच्या जरा वर असते आणि मधली खूण शिरोबिंदूवर बसायला पाहिजे. दुसरी, आकड्यांच्या दोन ओळी असतात ना आतली आणि बाहेरची, त्यात ५० च्या जागी १३० वाचतात. म्हणून मी आधी तोंडानं म्हणायला लावते, लघुकोन की विशालकोन? लघुकोन म्हटलं की १३० लिहायला हातच धजत नाही. लघुकोन कन्नडातबी सेमच, त्यामुळं तुमच्या पोरीला अडचण नाही.

निपाणीवाला:
अजून एक. त्रिकोणाला ण, आणि चौकोन, पंचकोन, काटकोन सगळ्याला न, हे कसलं? मूळ संस्कृत कोण ना?

शिक्षिका, शहापूर:
होय, संस्कृतात कोण. त्रिकोण तसाच राहिला, बाकीचे मराठीत मऊ झाले. दृष्टिकोन तर अर्धे लोक ण नं लिहितात, हिंदी वाचून वाचून.

येळ्ळूरकर:
बरं झालं मऊ झाले. कन्नडात कोण म्हणजे रेडा 😄 पोरगीनं माझी वही बघून विचारलं, पप्पा रेडा किती अंशाचा?
आणि आज एक नवीन कळलं. १८० च्या वरचा कोन आला, मी म्हटलं प्रविशाल कोन. तिच्या पुस्तकात 'सरळाधिक'. सरळकोनापेक्षा अधिक, म्हणजे नावातच उत्तर! डी १८० ला संपते म्हणून उरलेला आतला कोन मोजली, १२० आला, ३६० मधनं वजा केली, २४०. प्रविशालमधलं 'प्र' काय सांगतंय कुणाला? आईला सांगू नका, पण इथं मी कानडीकडनं.