फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन (खाली उतरणारा कॉफीचा अर्क) पाण्यासारखं पडतंय, काय चुकतंय?

सायलीची_वेल:
आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात इन्स्टंट पावडर आणि वर किसलेलं जायफळ, तीही कोणी रात्री अभ्यासाला जागणार असेल तरच. मागच्या महिन्यात बंगळूरूला मावसबहिणीकडे चार दिवस होते, रोज सकाळी तिच्या हातची फिल्टर कॉफी प्यायले आणि येताना स्टीलचा, दोन कप कॉफी होईल एवढा फिल्टर (एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला भोकं) घेऊनच आले. पण घरी जमतच नाहीये. दोन चमचे पावडर टाकून वरचा डबा पाण्याने भरते तर पाच मिनिटांत सगळं खाली, आणि दुधात घातलं की रंग नाही चव नाही. काल पावडरीवर ठेवायची दांडीची चकती जोर लावून दाबली तर अर्धा तास थेंब पडला नाही. पावडर ऑनलाइन मागवलेली, पाकिटावर फ्रेंच प्रेससाठी (दट्ट्याने दाबून कॉफी गाळायचं भांडं) असं लिहिलंय, आणि चिकोरी म्हणजे भेसळ म्हणून मुद्दाम बिनचिकोरीची घेतली. काय करू?

घाटावरचा:
ताई, फ्रेंच प्रेसची पावडर रव्यासारखी जाडसर असते, त्यातून पाणी सरळ पळून जातं. फिल्टरला त्याहून बारीक लागते, पण मैद्यासारखीही नको, नाहीतर भोकं बुजतात. आणि दोन चमचे कमी पडतात हो. तुमच्या फिल्टरला तीन मोठे चमचे भरून, साधारण २० ग्रॅम पावडर घ्या आणि पाणी फक्त १०० मिली. पावडर हलकेच सपाट करायची, चकती नुसती ठेवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग आधी पावडर भिजेल एवढंच घाला, ती फुगते, अर्ध्या मिनिटाने बाकीचं गोल गोल ओता आणि झाकण ठेवून विसरून जा, १५-२० मिनिटं लागतातच. मी रात्री झोपताना लावून ठेवतो, सकाळी तयार.

कृष्णाकाठ:
चिकोरीला भेसळ म्हणू नका प्लीज, मला दरवेळी वाईट वाटतं. ती एका रोपाची मुळं असतात, वाळवून भाजून दळलेली, आपल्या शेजारी गुजरातेत पिकतात. चिकोरी पाणी धरून ठेवते म्हणून डिकॉक्शन सावकाश उतरतं आणि दाट, काळंभोर होतं. तुम्ही बंगळूरूला प्यायलात तीही बहुतेक चिकोरीवालीच असणार, बहिणीला विचारा. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं, ते वाचून घ्या. सुरुवातीला ८०-२० बरं, म्हणजे ८० कॉफी. ६०-४० मध्ये मला कॉफीच लागत नाही, नुसता कडवट गोडसरपणा. मुंबईत असाल तर माटुंग्याला जा, समोर दळून देतात, फिल्टरसाठी म्हणून सांगायचं. एकदम किलोभर घेऊ नका, पाव किलो पुरे, दळलेल्या कॉफीचा वास पंधरा दिवसांत उडायला लागतो.

रानजाई:
थेंब पडत नसेल तर वरचा डबा जरासा उचलून परत ठेवून बघा. दोन्ही डबे घट्ट बसले की खालची हवा अडकते आणि पाणी वरच राहतं. तरी नाही पडलं तर भोकं बुजलीत. रिकामा, कोरडा वरचा डबा चिमट्याने धरून गॅसवर तापवा, अडकलेली पावडर जळून झडते, मग घासून टाका. माझ्या सासूबाई दर महिन्याला हे करायच्या. आणि डिकॉक्शन कधीही उकळू नका, फार कडू होतं. दूध उकळायचं, पाऊण कप दुधाला पाव कप डिकॉक्शन, साखर, आणि दोन भांड्यांत उंचावरून चारपाच वेळा ओतायचं, फेस येतो.

मेळघाट_१:
आमच्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, कधी आलात तर तिथली नक्की घेऊन बघा.

सायलीची_वेल:
सगळ्यांना मनापासून थँक्यू!! बहिणीला फोन केला, तिची ८०-२० चीच निघाली. तशीच पावडर आणली, काल रात्री घाटावरचा यांनी सांगितलं तसं तीन चमचे घालून लावलं, सकाळी खाली गडद डिकॉक्शन, झाकण उघडल्यावर काय वास! बाबांनी दुसरा कप मागितला, फक्त त्यांना वर जायफळ पाहिजेच होतं, घातलं, आणि छान लागलं. उरलेलं अर्धी वाटी डिकॉक्शन फ्रीजमध्ये ठेवलं तर संध्याकाळी चालेल का?

रानजाई:
चालेल, झाकून ठेवा, एक दिवसच. वेगळं गरम करू नका, कडकडीत दूध घाला त्यात.