मिनी पोकलेन डावीकडे ओढत नाही, उजवीकडे जागेवर थांबत नाही. स्विंग मोटर खोलायची का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात माझं साडेतीन टनी मिनी पोकलेन चालतं. सेकंड हँड घेतलेलं, मीटरवर ४२०० तास. नळपाणी योजनेचे चर खोदतो. मोठं मशीन शिरत नाही अशा पाणंदीतलीच कामं माझ्याकडे येतात. ऑपरेटर मीच.

तीन आठवड्यांपासून डावीकडचा स्विंग, म्हणजे वरच्या सांगाड्याचं फिरणं, मेला आहे. सपाटीला रिकामी बकेट कशीबशी फिरते, पण बकेट भरलेली असेल आणि किंचित चढावर फिरवायचं असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही मशीन जागेवर कण्हत राहतं. उजवीकडे वेग पूर्ण मिळतो. बूम, आर्म, बकेट, दोन्ही ट्रॅक, ब्लेड, सगळं ठणठणीत.

ऑइल तपासलं, लेव्हल बरोबर आहे, दुधाळ झालेलं नाही. रिटर्न फिल्टर नवा टाकला. ट्रान्सपोर्टची स्विंग लॉक पिन अर्धवट अडकलेली नाही ना तेही पाहिलं. फरक शून्य.

मेकॅनिक येऊन गेला. त्याचं म्हणणं, स्विंग मोटर गेली, खोलून किट टाकावी लागेल, ८० हजार धरून चाला. पावसाच्या आधी दोन वाड्यांचं काम पुरं करायचं आहे आणि हप्ता काही थांबत नाही. मोटर खरंच गेली असेल तर करीन खर्च. पण आधी घरच्या घरी काय तपासता येईल, कोणी सांगेल का?

एक राहिलंच. उजवीकडे फिरवून लिव्हर सोडली की मशीन हातभर पुढे जाऊन थांबतं. परवा एकाच्या गडग्याला बकेट लागता लागता राहिली. उतारावर उभं असलं तर उजवीकडे दोन-चार सेकंद सरकतं, मग थांबतं. हा वेगळा बिघाड आहे का?

प्रतिसाद १
पंपाची शंका सोडा. बऱ्याच मिनी मशीनमध्ये स्विंग आणि ब्लेड एकाच गिअर पंपावर असतात. ब्लेड जोरात चालतंय आणि उजवा स्विंगही पूर्ण आहे, म्हणजे पंप तेल देतोय. पायलट, म्हणजे लिव्हरचा हुकूम कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत नेणारं कमी प्रेशरचं तेल, मात्र बघा. कंट्रोल व्हॉल्व्हवर स्विंगच्या स्पूलला (तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा) दोन बारीक पायलट होज येतात, त्यांची अदलाबदल करा. मग डावीकडे लिव्हर दाबली की मशीन उजवीकडे फिरेल. आता उजवीकडे फिरताना अशक्त वाटलं तर दोष लिव्हरखालच्या पायलट व्हॉल्व्हमध्ये. डावीकडेच अशक्त राहिलं तर दोष पुढे, स्पूल किंवा मोटरकडे आहे. गेज असेल तर दोन्हीकडचं प्रेशर मोजा. साधारण ३५ बारच्या आसपास असतं, पण खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा. ही चाचणी करताना आसपास कोणालाही उभं करू नका, लिव्हर उलट्या झालेल्या असतात.

प्रतिसाद २
दादा, मी इस्लामपूरकडे २२ वर्षं हायड्रोलिकचं काम करतो. तुम्ही शेवटी जे सहज लिहिलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो वेगळा बिघाड नाही, त्याच बिघाडाचं दुसरं टोक आहे.

मोटरला दोन तोंडं असतात. डावीकडे फिरताना एका तोंडात प्रेशर जातं, दुसऱ्यातून तेल परत येतं. उजवीकडे फिरताना उलट. लिव्हर सोडली की स्पूल बंद होतो, पण वरचा सांगाडा आपल्या वजनाने फिरत राहतो आणि बाहेर जाणारं तेल कोंडून त्या तोंडात प्रेशर चढतं. त्याच प्रेशरने मशीन थांबतं. म्हणजे उजवीकडून थांबताना प्रेशर चढतं ते डाव्या स्विंगच्या तोंडात. तिथून तेल गळत असेल तर डावीकडे ताकद नाही, उजवीकडे थांबणं नाही. उतारावरचं सरकणंही तेच. स्विंगचा पार्किंग ब्रेक थोड्या वेळाने लागतो, म्हणून दोन-चार सेकंद.

मोटर आतून झिजली असती तर दोन्हीकडे रडली असती, आणि तेल तापल्यावर जास्त. एकाच बाजूला दोष असताना मोटर खोलू नका.

त्या बाजूचा रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की तेल सोडणारा), नाहीतर त्याच बाजूचा चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) उघडा राहतोय. मोटरवर दोन रिलीफ कार्ट्रिज, म्हणजे अख्खे खोलून काढता येणारे रिलीफ व्हॉल्व्ह असतात, बहुधा सारखेच. अदलाबदल करा. दोष बाजू बदलून गेला तर कार्ट्रिज दोषी. नाही गेला तर चेक व्हॉल्व्ह बघा.

इंजिन बंद, बकेट जमिनीवर, चावी चालू ठेवून सगळ्या लिव्हर दोन-तीनदा हलवून प्रेशर सोडा, मगच नट ढिला करा. मशीन गार असू द्या. गळती हाताने चाचपू नका, बारीक धार कातडीत घुसते आणि ती जखम फार वाईट. पुठ्ठा धरा. आणि रिलीफचा लॉक नट फिरवून प्रेशर वाढवायला कोणालाही देऊ नका.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. पायलट होज बदलून पाहिल्या, डावीकडेच अशक्त. मग फ्लोअर प्लेट काढून कार्ट्रिज अदलाबदल केले. मशीन चालू केलं आणि डावीकडे भरलेल्या बकेटसकट चढावर फिरलं. आता उजवीकडे कण्हतंय आणि डावीकडे थांबत नाही!

दोषी कार्ट्रिज रॉकेलमध्ये धुतला. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, काळ्या रबराची तांदळाच्या कणीएवढी कपची बसलेली होती. तेव्हा आठवलं, बिघाड सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी मोटरची एक होज फुटली होती, ती नवीन बनवून घेतली. दुकानात कटरने कापून लगेच फिटिंग प्रेस केलं, आतून हवा मारलीच नाही. मी समोर उभा होतो.

कपची काढली, पण सीटवर नखाला लागेल अशी रेघ पडली आहे. घासून बसवू, की नवीनच घेऊ?

प्रतिसाद २
नवीन घ्या, घासू नका. रेघेतून तेल झिरपत राहणार, आणि घासून सीटचं माप बिघडलं की प्रेशरही बिघडलं. मोटरच्या प्लेटवरचा नंबर देऊन कार्ट्रिज मागवा, ओ-रिंग नवीन. ती होज दोन्हीकडून खोलून आतून धुवा, हवा मारा, पांढऱ्या फडक्याचा बोळा आरपार काढा. काळं येणं थांबेपर्यंत. दुसरा कार्ट्रिज आणि दोन्ही चेक व्हॉल्व्हही उघडून बघा, अशी कपची क्वचितच एकटी असते. पुढच्या ५० तासांत रिटर्न फिल्टर काढून कापा आणि आत काय सापडतं ते इथे लिहा.