शांत सुट्टीसाठी क्रूझ: मुंबईहून लक्षद्वीप की सिंगापूरहून?

पूर्णाकाठ, परभणी

सर्वांना नमस्कार. माझ्या यजमानांचे मोंढ्यात आडतीचे दुकान आहे आणि मी शाळेत शिकवते. मुलगी शिकून नोकरीला लागली, सासूबाई सध्या दीरांकडे उदगीरला आहेत, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्हा दोघांना आठवडाभर एकत्र बाहेर पडता येईल असे दिसते आहे. आतापर्यंतचे आमचे प्रवास म्हणजे पंढरपूर, तिरुपती आणि चारधाम. त्यांचे समाधान फार मोठे आहे, परंतु पहाटे उठून बस गाठायची, रांगेत उभे राहायचे आणि रोज नव्या खोलीत बॅगा उघडायच्या, यात शरीराला विसावा मिळत नाही. यजमानांचा फोन उजाडायच्या आत वाजू लागतो. सोयाबीन, कापूस, तूर असे हंगाम एकापाठोपाठ लागत असल्यामुळे दिवाळीतही त्यांना उसंत नसते. त्यांना खरोखरची विश्रांती मिळावी, एवढाच माझा हेतू आहे.

एका परिचितांनी क्रूझ सुचवली. मुंबईहून सुटणारे जहाज घ्यावे की सिंगापूरहून सुटणारे, हे मला ठरवता येत नाही. सुट्टी मला मे महिन्यातच मिळेल. बोट लागण्याची भीती वाटते, कारण नाथसागरापलीकडे आम्ही मोठे पाणी पाहिलेलेच नाही. यजमान माळकरी आहेत, त्यामुळे जेवणाचा प्रश्न आहेच. शिवाय, इतक्या हजार माणसांना समुद्रात गोडे पाणी कुठून पुरवतात, असे ते मला रोज विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदातीर, नांदेड

ताई, आम्ही दोघांनी लक्षद्वीपची सफरही केली आहे आणि सिंगापूरची मोठी बोटही पाहिली आहे. जाहिरातीत जहाजाचा आकार, घसरगुंड्या, नाट्यगृह आणि उपाहारगृहांची संख्या ठळकपणे सांगतात. विश्रांतीसाठी जाणाऱ्या जोडप्याने मात्र आधी एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्या सफरीत जहाज कुठल्याही बंदराला न लागता पूर्ण दिवस समुद्रात किती वेळ असते. रोज नवे बंदर असेल तर रोज सकाळी उतरणे, बसमधून फिरणे आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत येणे आलेच, म्हणजे ज्या दगदगीतून तुम्हाला सुटका हवी आहे तीच पुन्हा पदरी पडते. ज्या दिवशी जहाज नुसते चालत असते, त्या दिवशी कोणी उठवत नाही, कुठे पोहोचायचे नसते, आणि किनारा मागे पडल्यावर मोबाइलचे नेटवर्कही जाते. तुमच्या यजमानांसाठी हीच सर्वांत मोठी गोष्ट ठरेल असे मला वाटते. फक्त फोन विमान मोडवर ठेवायला विसरू नका, कारण जहाजाच्या उपग्रह नेटवर्कवर फोन आपोआप जोडला गेला तर बिल फार मोठे येऊ शकते.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज 2021 पासून चालते. ते 1990 मध्ये बांधलेले, पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे असलेले, अकरा मजल्यांचे जहाज आहे. आजच्या मोठ्या बोटींपुढे ते लहान आहे, केबिन आटोपशीर आहेत आणि बाल्कनी असलेल्या खोल्या थोड्या आहेत. त्याचा मोठा लाभ असा की देशातल्या देशात फिरणाऱ्या सफरीला पासपोर्ट लागत नाही आणि भाषेची अडचण येत नाही. मात्र शनिवार-रविवार धरून केलेली गोव्याची छोटी सफर तुम्ही घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्यात मित्रमंडळींचे मोठे गट असतात आणि गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. त्यांचा तो आनंद आहे, पण तुमचे प्रयोजन वेगळे आहे. लक्षद्वीपला जाणारी सफर अधिक दिवसांची असते आणि मुंबईपासून तिकडे जाताना समुद्रातला निवांत काळ भरपूर मिळतो. अगत्ती बेटाजवळ जहाज खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बेटांवर उतरण्यासाठी परवाना लागतो, तो कंपनीमार्फत मिळतो की नाही हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. लाटा जास्त असतील तर उतरवणे रद्द होते, याचीही मनाची तयारी असू द्यावी.

सिंगापूरहून जेंटिंग ड्रीम हे 2016 मध्ये जर्मनीत बांधलेले, 335 मीटर लांबीचे जहाज सुटते. त्यावर बहुतांश केबिनना बाल्कनी आहे आणि भारतीय प्रवासी इतके असतात की शाकाहारी व जैन जेवणाची व्यवस्था नेहमीची झाली आहे. तिकडे पासपोर्ट आणि व्हिसा लागतोच. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येत असल्यामुळे तुमचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे जरूर तपासा.

बाल्कनीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण तिथे पैसे वाचवावेत असे अनेकजण सुचवतील. खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त असते आणि दिवसभर डेकवर फिरणाऱ्या तरुणांना ती पुरते. पण दोघांनाच निवांत बसायचे असेल तर स्वतःची बाल्कनी हवी. पहाटे दार सरकवले की कठड्याच्या लोखंडी नळीवर रात्रभरात मिठाचा चिकट थर बसलेला असतो, हात ठेवला की खारट ओल लागते, आणि खाली जहाजाच्या अंगाला घासून जाणारा पांढरा फेस सतत सरसरत असतो. आमच्या सौभाग्यवती चहाचा कप घेऊन तिथे तासन् तास बसल्या होत्या आणि मी शेजारच्या खुर्चीत पुन्हा झोपी गेलो होतो. डेकवरच्या गर्दीत हे सुख मिळत नाही. हवे तर सफरीची एक रात्र कमी करा, पण केबिन बाल्कनीचीच घ्या.

बालाघाट, अंबाजोगाई

मी अनेक वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. यजमानांनी तो विचारला याचा मला मनापासून आनंद झाला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते ज्यांनी पाहिले त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. मोठी प्रवासी जहाजे आपले बरेचसे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच तयार करतात. त्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत बंद भांड्यातील हवेचा दाब कमी केला जातो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या बरेच आधी उकळते. त्यासाठी लागणारी उष्णता इंजिन थंड करताना मिळणाऱ्या गरम पाण्यातून घेतात, आणि वाफ थंड केली की क्षार मागे राहून गोडे पाणी मिळते. दुसऱ्या पद्धतीत पाणी मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. या पाण्यात नंतर आवश्यक क्षार आणि क्लोरीन मिसळले जाते. जहाज चालू असताना उष्णता मुबलक असते म्हणून हे सर्व समुद्रात चालते, बंदराजवळच्या अस्वच्छ पाण्यात ते करत नाहीत. तरीही पाणी तयार करायला इंधन लागतेच. आपण मराठवाड्याची माणसे पाणी जपून वापरतो, ती सवय तिथेही ठेवावी.

आता केबिनच्या जागेबद्दल. जहाज दोन प्रकारे हलते. डावीकडून उजवीकडे डोलणे कमी करण्यासाठी बुडाशी दोन्ही बाजूंना, पाण्याखाली, पंखांसारखी फिरणारी पाती असतात आणि ती उत्तम काम करतात. पुढचे टोक वर-खाली होते, त्यावर मात्र या पात्यांचा फारसा उपयोग नसतो. म्हणून केबिन लांबीच्या मानाने मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्यावी. सर्वांत वरची आणि टोकाची केबिन महाग असली तरी तिथे हालचाल अधिक जाणवते. तिकीट निश्चित करण्याआधी मजल्यांचा नकाशा मागवून घ्या आणि आपल्या केबिनच्या वर व खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप लागेल. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल ऐकू येतात, आणि अगदी पुढे असाल तर नांगर सोडताना साखळीचा खडखडाट होतो.

मे महिन्याबद्दल मात्र सावध राहा. अरबी समुद्र मेच्या उत्तरार्धात बदलू लागतो. 2021 मधले तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यावर मुंबईजवळून गेले होते आणि 2020 मधले निसर्ग 3 जूनला रायगड किनाऱ्यावर धडकले. मुंबईचे जहाज घ्यायचे असेल तर मेचा पहिला आठवडा धरावा, तोही त्या वर्षीचे वेळापत्रक पाहून. मलाक्काची सामुद्रधुनी एका बाजूने सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूने मलेशियाचा भूभाग यांच्या आडोशाला असल्यामुळे तिथे पाणी बहुधा शांत असते, मेच्या शेवटीसुद्धा.

आणखी एक विनंती. जहाज सुटण्याआधी सुरक्षेचा सराव घेतात, त्याचा इशारा सात लहान आणि एक लांब भोंगा असा असतो. तो कंटाळवाणा समजून टाळू नका. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, 32 माणसे गेली, आणि त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर हा सराव निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेण्याचा नियम आला. आपली जमण्याची जागा कोणती आणि केबिनपासून तिथे जाणारा जिना कुठला, हे दोघांनीही एकदा प्रत्यक्ष चालून पाहावे.

मांजरा, लातूर

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून फक्त बोट लागण्यापुरते लिहिते. आतल्या कानाला हालचाल कळते आणि केबिनच्या भिंती पाहणाऱ्या डोळ्यांना ती दिसत नाही. या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. म्हणून त्रास वाटू लागताच आडवे पडून मोबाइल पाहण्याऐवजी मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहावे. गोळी घ्यायची असल्यास ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर तिचा उपयोग बराच कमी होतो. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यांतील काही चालत नाहीत, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आले चघळण्याने अनेकांना बरे वाटते. पोट अगदी रिकामे ठेवू नये.

रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवू नका. ती बॅग बंदरावरच घेतली जाते आणि केबिनच्या दारात यायला काही तास लागतात. जहाजावर डॉक्टर असतात, पण उपचारांचे दर जास्त असतात. परदेशी सफर असेल तर प्रवास विमा घ्यावा आणि जुने आजार त्यात स्पष्टपणे लिहावेत. जेवणाआधी साबणाने हात धुणे तिथे अधिक कसोशीने पाळावे, कारण बंद जागेत पोटाचे विकार वेगाने पसरतात.

पूर्णाकाठ, परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यजमानांना पाण्याचे उत्तर वाचून दाखवले, त्यांनी दोनदा वाचायला लावले. पासपोर्ट अजून काढलेले नसल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यातील लक्षद्वीपची सफर पाहावी असे आमच्या मनात येते आहे. एकादशी सफरीतच येण्याची शक्यता आहे. फराळाचे काय करावे? आणि परभणीहून बंदरापर्यंत कसे पोहोचावे?

गोदातीर, नांदेड

ताई, एकादशीची काळजी करू नका, पण व्यवस्था आधी करून ठेवा. तिकीट काढतानाच जैन जेवण हवे असे लेखी कळवावे, म्हणजे रोजच्या जेवणात कांदा-लसूण येणार नाही. फळे, दूध, दही हे सकाळच्या टेबलावर असतेच. साबुदाण्याची खिचडी मिळेलच असे मात्र गृहीत धरू नये. घरी शिजवलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर चढवू देत नाहीत, त्यामुळे राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की कारखान्यातून बंद होऊन आलेल्या पाकिटात घ्यावी. शाकाहारी पदार्थांची भांडी वेगळी असतात का, हा माळकरी माणसासाठी महत्त्वाचा प्रश्न आहे. तो एजंटाला न विचारता कंपनीला ईमेलने विचारा आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. जहाजावर चढल्यावर पहिल्याच दिवशी ती भोजनगृहाच्या प्रमुखांना दाखवली की पुढे अडचण येत नाही. इस्त्री आणि पाणी तापवण्याचा रॉड नेऊ नका, आगीच्या भीतीने त्या वस्तू तपासणीतच काढून घेतात.

तिकिटाच्या रकमेत सर्व काही आले असे समजू नये. कर्मचाऱ्यांसाठी माणशी दररोज आकारली जाणारी रक्कम, बंदर शुल्क, वायफाय आणि किनाऱ्यावरच्या सहली यांपैकी काय वेगळे आहे, हे लेखी मागवून घ्या.

प्रवासासाठी देवगिरी एक्सप्रेस सोयीची आहे. ती परभणीहून रात्रीतून सकाळी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. तरीही जहाज ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीला उशीर झाला तर पुढची गाडी मिळते, जहाज मात्र थांबत नाही. ओळखपत्रावरील नाव आणि तिकिटावरील नाव अक्षरशः जुळते आहे का, हे आजच पाहा. यजमानांच्या नावात वडिलांचे नाव एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, तर ते आताच दुरुस्त करून घ्यावे.